बीटीसी की एक्सबीटी? भूतानची दोन अक्षरं भूतानला राहू द्या

खतावणी

परवा इथे डेक्कननोड यांनी लिहिलं की बिटकॉइनचा कोड बीटीसी आहे, सगळं जग पंधरा वर्षं तोच वापरतंय, कोड ठरवणाऱ्या आयएसओ ह्या मानक संस्थेला विचारतो कोण, आणि त्याऐवजी एक्सबीटी हा कोड हवा असा आग्रह धरणारे उगाच कीस पाडत बसलेत. त्यावर प्रतिसाद लिहायला घेतला, तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय.

माझा धंदा हिशेबाचा. पुण्यात एका टूरवाल्याची पुस्तकं बघतो. त्याच्या भूतानच्या सहली असतात, म्हणजे पारोच्या हॉटेलांची बिलं तिथल्या चलनात, नगुल्ट्रममध्ये येतात. नगुल्ट्रम आणि रुपया एकास एक, त्यामुळे दराच्या चौकटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कायम १ असतो. गेल्या वर्षी एक बिल आलं, १८,५०० नगुल्ट्रमचं. नव्या मुलीनं चलनाच्या रकान्यात ‘बीटी’ टाइप केलं, यादी उघडली, वर बीटीसी, खाली नगुल्ट्रमचा बीटीएन. तिनं एंटर मारला. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे बिटकॉइनचा त्या दिवसाचा भाव ओढून आणला. पन्नास लाख एकाला धरा, एका हॉटेलाचं देणं ९,२५० कोटी झालं. तो आकडा लगेच दिसला म्हणून वाचलो. पण उलटी चूक झाली असती, म्हणजे बिटकॉइनची नोंद बीटीएनमध्ये गेली असती, तर अर्ध्या बिटकॉइनचे पन्नास पैसे झाले असते आणि ते वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आयएसओ ४२१७ ह्या चलनांच्या कोडांच्या मानकात पहिली दोन अक्षरं देशाची असतात. बीटी म्हणजे भूतान. ज्याला देश नाही त्याला एक्स: सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी, नाणेनिधीचं हिशेबी एकक एसडीआर एक्सडीआर. बिटकॉइनला देश नाही हेच त्याचे भक्त छाती ठोकून सांगतात. मग एक्स घ्यायला लाज कसली? बाजारभाव दाखवणाऱ्या ब्लूमबर्गच्या पडद्यावर एक्सबीटीच लिहितात. बाकीच्या आभासी चलनांत रिपलनं एक्सआरपी घेतलं, स्टेलरनं एक्सएलएम, मोनेरोनं एक्सएमआर. ह्यांना नियम कळला, थोरल्याला नाही.

डेक्कननोड

खतावणी, तुमच्याकडच्या नव्या मुलीनं चुकीचा पर्याय निवडला त्याचं खापर बिटकॉइनवर का? बीटीसी आयएसओच्या यादीत नाहीच. ज्या सॉफ्टवेअरनं तो चलनाच्या यादीत घुसवला त्याला धरा. नियम पाळणाऱ्या प्रणालीत तो कोड टाइपच झाला नसता.

आणि वापरापुढे नियम वाकतो, हे जगात सगळीकडे चालतं. हाँगकाँगमधल्या युआनला बाजार सीएनएच म्हणतो, यादीत फक्त सीएनवाय आहे. सीएनएचचे सौदे थांबलेत का? बॉम्बेचं मुंबई १९९५ साली झालं, विमानाच्या तिकिटावर आजही बीओएम. पुण्याचं पीएनक्यू, पुण्यात क्यू कुठला? कुणाचं सामान हरवलं का त्यामुळे? लोकांच्या तोंडी बसलेलं नाव समितीच्या ठरावानं पुसत नाही.

खतावणी

सीएनएचचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सीएन चीनचंच आहे. चीनचं चलन चीनच्या अक्षरांखाली. विमानतळाच्या कोडात देश नसतोच, तिथे कुणाच्या हद्दीत घुसायचा प्रश्नच नाही. इथे तुम्ही आठ लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाच्या दोन अक्षरांवर तंबू ठोकलाय आणि म्हणताय की आता आम्ही राहतोच इथे. बीटीसीऐवजी ते यूएससी असतं तर अमेरिकेनं पहिल्या वर्षी नोटीस धाडली असती. भूतान गप्प आहे म्हणून चालतं.

तीस्ताकाठ

मी सहा वर्षं जयगावला होतो. भूतानच्या सीमेवर कमान आहे, पलीकडे त्यांचं फुंटशोलिंग. दुकानदाराच्या गल्ल्यात आपली नोट आणि त्यांची नोट एकाच कप्प्यात. शंभरच्या मोडीत साठ आपले, चाळीस त्यांचे, कुणी मोजून वेगळे करत नाही. तिथल्या कुणाला ‘तुमची बीटी अक्षरं चोरली’ म्हणून दुःख झालेलं मी पाहिलं नाही. उलट भूतान सरकारचीच ड्रुक होल्डिंग ही कंपनी जलविद्युतेवर बिटकॉइन काढते, हे २०२३ मध्ये जगजाहीर झालं. ज्यांच्या वतीनं तुम्ही भांडताय त्यांच्याच तिजोरीत बीटीसी आहे.

खतावणी, तुमचा राग खरा आहे, पण भूतानचं वकीलपत्र तुम्हाला कुणी दिलं?

खतावणी

कुणी दिलं नाही, मान्य. पण तीस्ताकाठ, तुम्हीच सांगताय की तिथल्या सरकारी खात्यात आता बीटीएन आणि बीटीसी दोन्ही आहेत. माझ्या टूरवाल्याकडे झालं ते एका सहलीच्या बिलात झालं. तिथे एका देशाच्या ताळेबंदात ही दोन नावं एकाखाली एक येणार. गोंधळाचा धोका सगळ्यात जास्त त्यांनाच आहे.

मिरजकर

तुम्ही दोघं कोड कुठला ह्यावर भांडताय. माझं म्हणणं, कोड द्यायचाच कशाला?

२०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना असल्या आभासी चलनांपासून लांब राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. लोकांना वाटलं, झालं, सरकारमान्य झालं. माझा धाकटा मेहुणा त्यातलाच. ‘दाजी, कोर्टानं पास केलंय’ म्हणाला. मी त्याच्या शब्दावर सव्वा लाख घातले. ज्या ॲपमध्ये घातले त्यांनी एका सकाळी पैसे काढणंच बंद केलं. अजून ‘देखभाल सुरू आहे’ असं दिसतं. कायद्यात ह्याला आभासी डिजिटल मालमत्ता म्हणतात, चलन म्हणत नाहीत, आणि १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर. उद्या आयएसओनं डॉलर-रुपयाच्या रांगेत बसवलं की असले मेहुणे आणखी दहा जणांना घेऊन बुडतील. सामान्य माणसाला मानक आणि मान्यता ह्यातला फरक कळत नाही. मला कळला नव्हता.

डेक्कननोड

मिरजकर, तुमचे पैसे गेले ह्याचं वाईट वाटलं. पण ॲपवाल्यानं बुडवलं, बिटकॉइननं नाही. बँक बुडाली तर रुपयाचा कोड काढून घेतो का आपण?

मिरजकर

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. मला कुणी पाच रुपये दिले नाहीत. ‘वाईट वाटलं’ राहू द्या.

खतावणी

मिरजकर, सोन्याला कोड आहे म्हणून सोनं चलन झालं नाही. कोडाचं काम एवढंच, की नोंद करताना दहा जणांनी दहा नावं लिहू नयेत. तुमचं दुखणं मी कमी लेखत नाही. पण कोड नसल्यामुळेच प्रत्येक सॉफ्टवेअरवाला हातानं यादीत भर घालतो, आणि डेक्कननोड वर ज्या घुसखोरीबद्दल बोलले ती तिथूनच सुरू होते.

शिवाय आयएसओच्या तक्त्यात कोडाशेजारी दशांश किती तेही असतं. रुपयाला २, येनला ०, कुवेती दिनारला ३. बिटकॉइनचा सर्वात लहान तुकडा सातोशी, म्हणजे आठ दशांश. आज बहुतेक हिशेबाच्या प्रणाली दोन किंवा चार दशांशांवर कापतात. अधिकृत ओळ असती तर कापता आलं नसतं.

सोमवारपेठ

दशांशावरून आठवलं म्हणून लिहिते. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले तेव्हाही हेच झालं होतं. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. वरचा पाव पैसा कुठून आणायचा? माझी आजी शेवटपर्यंत सांगायची, की वाण्यानं त्या वर्षी सगळ्यांना लुटलं. एका आण्याची काडेपेटी सात पैशांना द्यायला लागला. तेव्हा कापाकापीत नेहमी गरीबच कापला जातो, एवढंच मला कळतं.

वाणीसदन

सोमवारपेठ, हे वाचून गप्प बसवत नाही. माझ्या आजोबांचं बार्शीत किराणा दुकान होतं. सरकारी तक्ता होता: एक आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. तो तक्ता तराजूच्या मागे खळीनं चिकटवलेला होता, आणि आजोबा एका आण्याच्या काडेपेटीचे ६ च घ्यायचे. म्हणजे दर पेटीमागे पाव पैसा त्यांचा जायचा. चार गिऱ्हाइकांनी एकेक पेटी नेली की २४ पैसे यायचे, एकानं चार नेल्या की २५. सगळ्या वाण्यांना एका ओळीत चोर म्हणून मोकळं होऊ नका.

सोमवारपेठ

तुमचे आजोबा सचोटीचे असतील. आमच्या पेठेतला नव्हता. आजी खोटं बोलायची का?

वाणीसदन

आजी खोटं बोलायच्या असं मी म्हटलं नाही. पण तीन आण्यांचं पावणेएकोणीसाचं एकोणीस सरकारनंच केलं होतं. तिथे वाण्यानं पाव पैसा जास्त घेतला तर तो लुटारू, आणि एका आण्याला पाव पैसा सोडला तर त्याचं नाव कुणी घेत नाही. तिन्हीसांजेला दुकान बंद करून माझे आजोबा ह्या पाव पैशांची बेरीज पाटीवर करत बसायचे, असं आई सांगते. संपूर्ण वर्षभर.

तीस्ताकाठ

जयगावला माझ्या वडिलांच्या वयाचे लोक चार आणे, आठ आणे म्हणायचे, नाणी केव्हाच गेली तरी. ‘नया पैसा’ मधलं ‘नया’ मात्र १९६४ मध्ये सरकारनं काढलं आणि ते सगळ्यांच्या तोंडून गेलंही. म्हणजे डेक्कननोड म्हणतात तसं प्रत्येक वेळी तोंडचं नाव जिंकतंच असं नाही.

डेक्कननोड

आण्यांवर धागा गेला, पण माझा मुद्दा त्यातच आहे, म्हणून परत येतो. खतावणी, तुम्ही म्हणता एक्सबीटीची ओळ आली की दशांश सुटेल. तक्ता उघडून बघा. सर्वात जास्त दशांश चार आहेत, तेही चिलीच्या हिशेबी एककासारख्या मोजक्यांना. आठ कुणालाच नाहीत. आणि तुमच्या लाडक्या एक्सएयू, एक्सएजी, एक्सडीआरच्या ओळीत दशांशाच्या रकान्यात काय आहे? ‘लागू नाही’. सोन्यासारखा कोड मागितलात तर सोन्यासारखाच रिकामा रकाना मिळेल.

दुसरं. काही जणांचं म्हणणं होतं की एक्सबीटी म्हणजे पूर्ण बिटकॉइन धरू नये, एक बिट धरावा, म्हणजे दहा लाखावा भाग, मग दोन दशांशांत सातोशी बसतो. ब्लूमबर्गचा एक्सबीटी मात्र पूर्ण बिटकॉइन. एकाच कोडाचे दोन अर्थ, दहा लाख पटींचा फरक. तुमच्या ९,२५० कोटींसारखाच अपघात ह्यात दडलाय.

तिसरं. आयएसओनं २०२१ मध्ये डिजिटल टोकनांसाठी वेगळं मानकच काढलं, २४१६५, नऊ अक्षरांचा ओळखक्रमांक. चलनांच्या रांगेत बसवायचं नाही हे त्यांनी कृतीनं सांगितलंय.

खतावणी

दशांशाचा रकाना मी नीट बघितला नव्हता. तिथे तुम्ही बरोबर आहात, मी चूक. लिहायला जड जातंय, पण चूक ती चूक.

बिटचं मात्र नाही पटत. दोन अर्थ होऊ नयेत म्हणूनच कुणीतरी एक अर्थ ठरवून लिहून ठेवायला हवा. यादीबाहेर ठेवलं की अर्थ ज्याचा त्याचा. आणि नऊ अक्षरांचा क्रमांक यंत्रांना पुरतो. माझ्या टूरवाल्याच्या बिलावर रकाना तीन अक्षरांचा आहे, तिथे माणूस टाइप करतो. त्याच्यासाठी नियमात बसणारं तीन अक्षरी नाव एकच उरतं, ज्याच्या पुढे एक्स आहे. आपल्या डिजिटल रुपयाला वेगळा कोड नाही, कारण तो रुपयाच आहे, आयएनआर. बिटकॉइन रुपया नाही, नगुल्ट्रमही नाही.

डेक्कननोड

बहुतेक एक्सचेंजांवर, बहुतेक वॉलेटांत बीटीसी आहे. ते बदलणार नाही आणि बदलावं असं मला वाटतही नाही. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरात बीटीसी आणि बीटीएन एकाखाली एक दिसू नयेत, एवढं मान्य करतो. आमच्या कंपनीच्या उत्पादनात यादी कशी आहे ते सोमवारी बघतो. तिथे एक्सबीटी दाखवता येईल का, विचारतो. नुसतं विचारतो.

मिरजकर

विचारा. आणि त्या ओळीसमोर ‘हे चलन नाही’ असंही दिसू द्या.

वाणीसदन

सोमवारपेठ, आईला फोन केला होता. तो तक्ता अजून आहे, तराजूची फळी माळ्यावर ठेवली तेव्हा तिच्यासकट गेला. एका आण्यासमोर छापील ६ आहे, आणि त्याच्या बाजूला आजोबांनी शिसपेन्सिलीनं सव्वासहा लिहून ठेवलंय. रविवारी बार्शीला जातेय, फोटो टाकते.

सोमवारपेठ

टाका. आमच्या पेठेतल्या वाण्याबद्दलचं मत बदलणार नाही, पण तुमच्या आजोबांबद्दल मी बोलायला नको होतं.