अनुभव धागा: तुम्ही कधी कोरसमध्ये गायलात का?

गोदाकाठची

महाराष्ट्र दिनाला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की राज्यगीत असतं. 2023 मध्ये ते अधिकृत झालं तेव्हापासून सेक्रेटरींना भलताच हुरूप आलाय. एरवी स्पीकरवर शाहीर साबळे गातात आणि आम्ही मागे पुटपुटतो. यंदा स्पीकरने ऐनवेळी मान टाकली. मग काय, म्हणा तोंडाने! पुरुषांनी पेटीच्या काळी एक पट्टीला उचललं. बायकांना ते इतकं खाली की नुसता वारा येत होता. आम्ही वर चढवलं तर पुरुषांच्या नसा फुगल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत सरळ दोन पार्ट्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी, ज्या लिफ्टमध्येसुद्धा कुणाशी बोलत नाहीत, मधलाच एक सूर असा काही धरला की सगळे निमूट त्यांच्या मागे गेले.

तेव्हापासून शाळेतले पेटीवाले सर डोक्यातून जात नाहीयेत. समूहगीत स्पर्धा तोंडावर आणि आठवीतल्या मुलांचे आवाज फुटलेले, असं दरवर्षी व्हायचं. सर पांढरी चार धरायचे. मुलींना जरा खाली, मुलांना जरा वर, ज्याचं त्याने सोसावं. ज्यांचं कुठेच जमत नसे त्यांना सर हाकलायचे नाहीत. त्यांना मागे उभं करून फक्त षड्ज धरायला लावायचे. गाणं कुठेही गेलं तरी तुम्ही सा सोडायचा नाही, बस्स. आज कळतं, सरांनी वर्गातल्या बेसुऱ्यांचा तानपुरा केला होता! त्या रांगेतली मुलं काय ऐटीत उभी राहायची.

तुमचे अनुभव लिहा. भजन, भोंडला, दिंडी, चर्च, काहीही चालेल. नुसतं आरतीत ओरडला असाल तरी चालेल.

मिसळप्रेमी

आरतीत ओरडलोय. मी पात्र आहे.

आमच्या मंडळात पहिली आरती विलंबित, शंकराची मध्य लय, आणि प्रसादाचं ताट दिसलं की घालीन लोटांगण असं सुटतं की विचारू नका. नाशिकला मेट्रो आली नाही म्हणतात, ती आमच्या मंडळात येऊन गेली.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या

😂😂 वाचतेय. पोळ्या झाल्या की लिहिते.

निवांत_नाना

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा. आमच्या निफाडकडच्या दिंडीत मी लहानपणापासून. थंडी अशी असते की टाळ हातात घेतला की काशाचा गारठा मनगटापर्यंत चढतो. टाळाची दोरी पहिल्या बोटाला गुंडाळायची, सैल ठेवली तर आवाज बसका येतो, आवळली तर बोट काळंनिळं. मधला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

बाहेरच्याला वाटतं सगळे एकदम गातात. तसं नसतं. पुढच्यांनी चरण म्हणायचा, मागच्यांनी तोच उचलायचा. पुढचे श्वास घेतात तेव्हा मागचे गातात, मागचे श्वास घेतात तेव्हा पुढचे. म्हणून चालत असूनही गाणं तुटत नाही आणि माणूस दमत नाही. ज्याला चाल येत नाही तो मागच्या रांगेत लागतो आणि अंजनेरी येईपर्यंत त्याला ती आलेली असते. शिकवणी नाही, फी नाही. ज्ञानोबांचा हरिपाठ सगळ्यांना पाठ असतो, पण निवृत्तीनाथांचाही हरिपाठ आहे. नाथांच्या दारात तो म्हणायची मजा वेगळी.

आणि सप्ताहातली विणा. सात दिवस ती खाली टेकवायची नाही, पहारे लावलेले असतात. माझ्या वाट्याला नेहमी रात्री दोन ते चार. कारण मी आवाजाने कच्चा, पण जागरणाला पक्का. 🙏

मिसळप्रेमी

नाना, टाळ कुठून घेता? मुलाला हवाय शाळेच्या दिंडीला.

निवांत_नाना

भांडी बाजारात जा. पण ऑनलाइन मागवल्यासारखा पॅकबंद उचलू नका. वाजवून बघा, दोन्ही वाट्या एका सुरात हव्यात. आणि त्याला हलका द्या, मोठा देऊ नका, दिंडी शाळेच्या गेटपर्यंत पोचायच्या आत तुमच्या हातात येईल.

शरणपूरची

आमच्याकडे क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, घरचंच काम. आजी आल्टो (बायकांचा खालचा आवाज), आई सोप्रानो (बायकांचा वरचा), मामा बेस (पुरुषांचा खालचा). टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, कायम कमी. टेनरसाठी लग्न जुळवताना पण विचारतील अशी परिस्थिती. 😄

लहानपणी मला आल्टोत टाकलं तेव्हा मी रडले होते. कारण मूळ चाल सोप्रानोला मिळते, आल्टोने त्याच्या खालची वेगळीच ओळ गायची. घरी एकटीने म्हटली तर ती गाणंच वाटत नाही, आत्या म्हणायची हे काय रडगाणं. चौघी-चौघं एकत्र उभे राहिले की मग कळतं की आपली ओळ काढली तर सगळ्याचं पोट रिकामं होतं. आपल्याकडच्या भजनात सगळे एकच चाल म्हणतात, इथे चार चाली एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना धक्का लागत नाही. गोदाकाठची, तुमच्या सोसायटीचा प्रॉब्लेम क्वायरवाल्यांनी शेकडो वर्षांपूर्वी असा सोडवलाय. पुरुषांना वर ओढायचंच नाही, त्यांना त्यांची खालची ओळ द्यायची.

पण त्याच उपासनेत पुढचं गीत पेटी-तबल्यावर, अभंगाच्या चालीत. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही ते ओवी-अभंगातच लिहीत राहिले, त्यामुळे मराठी मंडळी परक्या चालींवर अडून राहिली नाहीत. लक्ष्मीबाई तर आपल्या इथल्याच, जलालपूरच्या.

डिसेंबरात कॅरोल राउंड. रात्री गल्ल्यागल्ल्यांतून, गिटार, एक ढोलकी, आणि प्रत्येक घरी चहा. चौथ्या घरानंतर कुणाला चहा नको असतो पण नाही म्हटलं तर काकू रागावतात. शेवटच्या घरात फक्त बेस शिल्लक असतो, बाकीच्यांचे घसे बसलेले.

मास्तर_मोड_ऑन

नाशिकच्या शरणपूरबद्दल थोडं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने इथे ठेवलं, शिकवलं. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. मिशनची शाळा म्हणजे रोजची सामुदायिक प्रार्थना आलीच. गोदावरीकाठी ती मुलं काय उच्चारात गात असतील, हा विचार मला शरणपूर रोडच्या सिग्नलला नेहमी येतो. सिग्नल मोठा आहे.

नाशिकला सामूहिक गाण्याचा वेगळाही इतिहास आहे. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तसे मेळे निघाले. एकसारखा पोशाख केलेली पोरं रांगेत उभी राहून पदं म्हणत आणि देवाच्या नावाखाली सरकारला टोमणे मारत. सावरकरांची क्रांतिकारी संघटना मित्रमेळा तिळभांडेश्वर गल्लीतली. तिथे कवी गोविंद पोवाडे लिहीत आणि पोरं ते चौकात म्हणत. कवी स्वतः पायांनी अधू, त्यांचे शब्द मात्र दुसऱ्यांच्या पायांनी गावभर फिरले. सरकारला भाषणापेक्षा हे जास्त झोंबायचं, कारण भाषण विसरलं जातं, पद पोरं घरी जाऊन पुन्हा म्हणतात. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल, हे विसरू नये.

गायक विष्णू दिगंबर पलुस्करही शेवटच्या काळात पंचवटीत होते, रामनाम आधार आश्रमात. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आक्षेप घेतला तरी त्यांनी वंदे मातरम् पूर्ण म्हटलं होतं. मैफलीतलं गाणं देवळात, सभेत आणि शाळेत नेलं ते त्यांनी.

मिसळप्रेमी

मास्तर, परीक्षेला येणार का हे?

मास्तर_मोड_ऑन

येणार. पाच मार्कांना. इंद्रकुंडावरच्या पलुस्कर सभागृहात कधी पाऊल टाकलंय का, हा उपप्रश्न.

मिसळप्रेमी

टाकलंय, लग्नाला.

सिन्नरवाला

लोककवी वामनदादा कर्डक आमच्या तालुक्यातले, देशवंडीचे. 1922 चा जन्म. माझे आजोबा त्यांच्या मागे कोरसला उभे राहिलेत. आजोबांना वाचता येत नव्हतं. नवीन गाणं आलं की कुणीतरी वाचून दाखवायचं आणि हे ऐकून उचलायचे, मुख्य गायक कडवं घेतो तेवढ्या वेळात पुढची ओळ मनात जुळवायची. कोरसवाल्याचं काम सोपं नसतं. मुख्य गायक चुकला तर कोरस सावरतो. कोरस चुकला तर सगळं पडतं.

काळारामाचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, सगळे तेवढंच सांगतात. त्या चळवळीचं म्हणणं वस्तीवस्तीत नेलं जलसेवाल्यांनी, म्हणजे चळवळीची गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींनी. भीमराव कर्डकांचा जलसा गाजलेला, तेही आपल्याच जिल्ह्यातले. ज्या देवळात पाऊल ठेवू देत नव्हते त्याच गावात रात्रभर कंदील लावून डफ, ढोलकी आणि वीस गळे. आजोबा म्हणायचे, एकट्याने बोललं असतं तर मार खाल्ला असता.

14 एप्रिलला आता डीजे असतो. मी काय बोलणार.

शरणपूरची

@सिन्नरवाला, आजोबांची गाणी कुणी रेकॉर्ड केलीत का?

सिन्नरवाला

आत्याकडे कॅसेट होती. त्यावर चुलतभावाने नव्वदच्या दशकातली सिनेमाची गाणी भरली. भावाशी मी अजून नीट बोलत नाही.

आटपाट_नगर

हे सगळं खरं, पण भोंडला कुणीच कसा नाही लिहिला?? बायका काय घरी बसल्या होत्या का!

पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि प्रत्येक घरी खिरापत ओळखायची. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात सासुरवाशिणी सासूच्या समोर सासूचीच नालस्ती करणारी गाणी म्हणायच्या आणि सासू टाळ्या वाजवायची, कारण फेरात कुणाचा आवाज कुणाचा ते कळत नाही. ही सोय फक्त कोरसमध्ये. एकटीने म्हटलं असतं तर माहेरी रवानगी.

खिरापत मात्र मी नेहमी ओळखायचे. वास यायचा.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या

पोळ्या झाल्या. माझा भोंडला जळगावचा, म्हणजे भुलाबाई. नाशकात सासरी आल्यावर हत्ती बघून मी विचारलं, भुलाबाई कुठंय? सासूबाई म्हणाल्या कोण बाई?

आमच्याकडे खिरापतीत वाटली डाळ असली की मुली आधीच नाक मुरडायच्या. आता मी स्वतः तीच करते. कैरी किसून घालायची, ओलं खोबरं सढळ हाताने.

आटपाट_नगर

कैरी नवरात्रात कुठून?

कुकरच्या_तीन_शिट्ट्या

फ्रीजरमधून. मे महिन्यात किसून ठेवते. बारा महिने चालते.

ओझरवाला

एचएएल कॉलनी. 1964 नंतर मिग विमानांच्या कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये मल्याळी, बंगाली, पंजाबी, कन्नड सगळे. 26 जानेवारीला समूहगान, आणि दर वर्षी वेगळ्या भाषेतलं. शेजारच्या मल्याळी काकू शब्द देवनागरीत लिहून द्यायच्या. अर्थ कुणालाच माहीत नसायचा. 'ळ' चार प्रकारे म्हणायला लावायच्या, आम्ही एकच म्हणायचो, त्या कपाळाला हात लावायच्या. पुढे कोचीच्या ट्रेनमध्ये मी ते गाणं गुणगुणलो तर समोरच्या बर्थवरचे आजोबा पुढची ओळ म्हणाले. बाकी संवाद शून्य, मग त्यांनी केळ्याचे वेफर दिले.

कोलकात्यात रुमा गुहा ठाकुरता आणि सलिल चौधरींनी 1958 मध्ये यूथ क्वायर काढला, त्यातल्या काही गाण्यांचं आमच्या बंगाली काकांना वेड. चाल लोकगीताची आणि खाली दोन-तीन वेगळे आवाज. शरणपूरची म्हणतात ते पहिल्यांदा मी तिथे ऐकलं.

सुट्टीवर_आलेला

मुलगी एस्टोनियात नोकरीला आहे. 2025 च्या जुलैत तिने आम्हाला तालिनच्या तरुणांच्या गाण्याच्या उत्सवाला नेलं. कमानीसारख्या मोठ्या रंगमंचावर हजारो गाणारे एकाच वेळी. आधी पाऊस पडला, सगळे रेनकोटात, कुणी हललं नाही. मूळचा मोठा उत्सव 1869 पासून आहे, आता साधारण पाच वर्षांनी एकदा होतो. 1988 मध्ये त्याच मैदानावर लोक जमून बंदी असलेली गाणी म्हणायला लागले आणि 1991 ला सोव्हिएत राज्य गेलं. त्याला ते गाण्यातली क्रांतीच म्हणतात. गोळी जवळजवळ नाही.

मला एक शब्द कळत नव्हता तरी रडू आलं. बायको म्हणाली तुम्हाला कांद्याचे भाव बघूनही येतं.

निवांत_नाना

वहिनींना नमस्कार. लासलगावात भाव बघून सगळ्यांनाच येतं हो, आळीपाळीने.

गोळी_घेतली_का

डॉक्टर म्हणून दोन ओळी. 2013 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाने समूहात गाणाऱ्यांचे ठोके मोजले. एकत्र गाताना ठोक्यांची गती सोबत वरखाली होते. कारण साधं आहे, ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात आणि सावकाश सोडतात. नानांच्या दिंडीत दोन गट आळीपाळीने श्वास घेतात, त्यांचं मोजायला हवं कुणीतरी. मी येतो मशीन घेऊन, पण थंडीत नाही.

निवांत_नाना

थंडीतच या. उन्हाळ्यात आषाढीची पालखी निघते, तेव्हा मग पंढरपूरपर्यंत यावं लागेल. 😄

गोदाकाठची

किती लिहिलंत सगळ्यांनी! शरणपूरची, तुमचं वाचून पुरुषांसाठी खालची ओळ बांधायला घेतलीये, आता त्या आजींना विचारायला वरच्या मजल्यावर जायचंय.

बरं, जुनी पेटी माळ्यावरून काढली तर भाता फाटलाय आणि दोन स्वर चिकटतात. नाशकात पेटी दुरुस्त करणारे कुणी माहीत आहे का? मेनरोडला एक होते, ते दुकान आता मोबाइल कव्हरचं झालंय.

शरणपूरची

आमच्या चर्चची पेटी करतात ते एक काका आहेत. घरी येतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मिसळप्रेमी

मलापण व्यनि करा. पेटी नाहीये, पण असू द्या.