भाच्याला व्यावसायिक मुष्टियुद्धाचा करार आला आहे, सही करू द्यावी का?

सातपूरकर मामा

नमस्कार. माझा भाचा वीस वर्षांचा असून नाशिकच्या सिडकोतील एका छोट्या बॉक्सिंग हॉलमध्ये शाळेत असल्यापासून सराव करतो. राज्य स्पर्धेत त्याने पदक मिळवले आहे, राष्ट्रीय स्पर्धेत मात्र अजून त्याचा जम बसलेला नाही. आयटीआय झाल्यावर तो अंबडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आणि पाळीप्रमाणे कधी पहाटे, कधी रात्री असा त्याचा सराव चालतो. अलीकडे मुंबईच्या एका प्रमोटरने, म्हणजे लढती भरवणाऱ्या आयोजकाने, त्याला तीन वर्षांच्या व्यावसायिक कराराचा मसुदा पाठवला आहे. तेव्हापासून तो विजेंदर सिंग यांच्या लढती मोबाईलवर दाखवून आम्हाला पटवतो आहे, आणि तो विषय निघाला की माझी बहीण पानावरून उठून जाते.

मला या खेळातले फारसे कळत नाही, परंतु घरातला थोरला म्हणून निर्णय माझ्यावर आला आहे. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची वर्षे प्रत्यक्षात कशी जातात, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, आणि नाहीच जमले तर हौशी स्पर्धांमध्ये परत येता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटीतला जुना खेळाडू

मामा, भाच्याने ज्यांचे नाव घेतले आहे त्यांचीच कारकीर्द आधी नीट पाहू. विजेंदर सिंग भिवानी जिल्ह्यातले, वडील हरियाणा रोडवेजमध्ये बसचालक. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो वजनी गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले भारतीय मुष्टियोद्धे ठरले. २००९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१० मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण. हरियाणा पोलिसांत उपअधीक्षकाचे पदही त्यांना मिळाले होते. एवढे सगळे गाठीशी बांधून, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये ते व्यावसायिक झाले आणि मँचेस्टरला जाऊन राहिले. व्हिडिओत दिसत नाही तो भाग हा आहे: तिथे पोहोचण्यापूर्वीच त्यांचे नाव, नोकरी आणि प्रेक्षक तयार होते.

पुढचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. १० ऑक्टोबर २०१५ रोजी पहिली लढत झाली आणि त्या वर्षाच्या उरलेल्या काळात आणखी दोन. २०१६ मध्ये पाच लढती झाल्या. त्यांपैकी जुलैतल्या दिल्लीच्या लढतीत केरी होप यांना दहा फेऱ्यांत गुणांवर हरवून त्यांनी डब्ल्यूबीओ या व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेचा आशिया पॅसिफिक किताब जिंकला. २०१७ मध्ये दोनच लढती, त्यांतली एक आपल्या वरळीच्या डोममध्ये. २०१८ मध्ये एकही नाही. २०१९ मध्ये दोन, २०२० मध्ये पुन्हा एकही नाही, मार्च २०२१ मध्ये गोव्यातल्या एका कॅसिनो जहाजावर आर्तिश लोप्सान यांच्याकडून पाचव्या फेरीत पहिला पराभव, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला एक विजय. चौदा लढती आणि तेरा विजय हा हिशेब कागदावर उत्तम दिसतो. परंतु देशातल्या सर्वांत नावाजलेल्या मुष्टियोद्ध्याची पूर्ण वर्षे कोरी जाऊ शकतात, तर सिडकोतल्या मुलाला वर्षाला किती लढती मिळतील, हा प्रश्न प्रमोटरला विचारायलाच हवा.

आता खरा फरक सांगतो. हौशी स्पर्धेत प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो. वजनी गटातला जो समोर येईल त्याच्याशी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या लढायच्या, जिंकलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायचे. व्यावसायिक खेळात सोडत नाही. जत्रेच्या कुस्त्यांत जशी जोड लावली जाते, तशी इथे मॅचमेकर जोड लावतो, आणि तो कुणाचे हित पाहून जोड लावतो यावर मुलाचे भवितव्य ठरते. प्रमोटरने ज्याच्यावर पैसा लावला आहे, त्याला सुरुवातीला चार फेऱ्यांच्या, बेतशीर प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या लढती मिळतात आणि त्याच्या विजयांची माळ तयार होते. दुसऱ्या कोपऱ्यात ती माळ गुंफण्यासाठी आणलेली मुले उभी असतात. त्यांना आठवडाभर आधी फोन येतो, वजन घाईघाईने उतरवावे लागते, आणि बरोबरीची लढत झाली तरी निकाल आपल्या बाजूने लागण्याची आशा त्यांनी धरायची नसते. हीही मंडळी प्रामाणिक कष्टकरीच असतात आणि इंग्लंडमध्ये तर काहींच्या नावावर शंभराहून अधिक पराभव आहेत. माझे स्पष्ट मत असे, की मामांना आलेल्या मसुद्यावरून भाच्याला कोणत्या कोपऱ्यासाठी बोलावले आहे, हे शोधणे हेच तुमचे पहिले काम आहे.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. मानधन लढतीगणिक मिळते, पगार नसतो. त्यातून प्रशिक्षकाला साधारण दहा टक्के देण्याची रीत आहे आणि व्यवस्थापकाचा वाटा काही करारांत एक तृतीयांशापर्यंत जातो. इंग्लंडमधल्या छोट्या सभागृहांत तर मुलाने स्वतःच मित्रांना, नातेवाइकांना तिकिटे विकायची आणि त्यातून त्याचे मानधन निघायचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडे तेवढा तिकीट काढणारा प्रेक्षक अजून नाही, त्यामुळे प्रायोजक हटला की कार्यक्रमच हटतो.

आणखी एक अडचण नाशिकची म्हणून आहे. दर्जेदार सरावलढत मिळाल्याशिवाय व्यावसायिक मुष्टियोद्धा घडत नाही, आणि इथे एकेका वजनी गटात त्या ताकदीची मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणे आले किंवा पुण्याला राहणे आले. तो खर्च कोण करणार, हे मसुद्यात आहे का?

गंगापूर रोडचे डॉक्टर

वरचे विवेचन योग्य आहे. मी फक्त शरीराविषयी लिहितो, कारण घरची मंडळी नाकातले रक्त पाहून घाबरतात आणि जे खरे घातक असते ते दिसतच नाही.

व्यावसायिक लढतीत डोक्याला संरक्षक कवच नसते. हौशी पुरुषांच्या वरिष्ठ गटातही २०१३ पासून ते काढलेले आहे, हे खरे. परंतु तिथे नऊ मिनिटांत लढत संपते आणि व्यावसायिक जागतिक किताबाची लढत बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची असते. पूर्वी ती पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनी यांच्याविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेल्या दुक कू किम या कोरियन तरुणाचा मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेने फेऱ्या बारावर आणल्या आणि पुढे इतर संघटनांनीही तेच केले. वारंवार बसणाऱ्या ठोशांमुळे कालांतराने बोलण्यात, चालण्यात आणि स्मरणशक्तीत होणारा बिघाड वैद्यकशास्त्राने १९२८ मध्येच नोंदवला होता. हा बिघाड एका मोठ्या ठोशाने होतो असे नाही. वर्षानुवर्षे सरावात बसलेले, कुणी मोजलेही नाहीत असे ठोसे त्याला कारणीभूत ठरतात.

दुसरी गोष्ट वजनाची. वजन बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी होते, त्यामुळे मुले पाणी तोडून, जाड कपडे घालून धावून तीन-चार किलो उतरवतात आणि रात्रीत भरून काढतात. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आणि लघवी चहाच्या रंगाची. त्याची एकच विनंती होती, की सलाईन लावा पण प्रशिक्षकांना सांगू नका. अशा शरीराने दुसऱ्या दिवशी डोक्यावर मार झेलायचा असतो. भाचा सध्या कोणत्या वजनावर सहज राहतो आणि प्रमोटर त्याला कोणत्या गटात उतरवू पाहतो, एवढे विचारून घ्या. अंतर फार असेल तर मी सहीला विरोध करीन.

मेंदूचा एमआरआय, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी व सी यांच्या रक्तचाचण्या पहिल्या लढतीपूर्वी झाल्याच पाहिजेत. त्यांचे पैसे प्रमोटर देतो की मुलगा, यावरूनही समोरच्याची नियत कळते.

नाशिकरोडवाला

सर्वांचे म्हणणे मान्य करूनही थोडी दुसरी बाजू मांडतो. हौशी खेळात राष्ट्रीय पदकाची वाट पाहता पाहता पंचविशी गाठलेली कितीतरी मुले आपण पाहतो. त्यांच्या हाती ना पदक लागते, ना नोकरी. शिवाय हौशी खेळातला क्रम व्यावसायिक खेळात टिकतोच असे नाही. बीजिंगच्या उपान्त्यपूर्व फेरीत विजेंदर यांनी इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोरा यांना हरवले होते. तेच गोंगोरा डिसेंबर २०२० मध्ये आयबीओ या तुलनेने छोट्या संघटनेचे जागतिक विजेते झाले. व्यावसायिक खेळात लागणारे गुण वेगळे आहेत: संथ सुरुवात, शरीरावरचे ठोसे, सहाव्या-आठव्या फेरीत उरणारा दम.

परतीच्या वाटेविषयी मामांनी विचारले आहे. ती वाट आता पूर्ण बंद नाही. सरिता देवी यांनी जानेवारी २०१७ मध्ये इंफाळला व्यावसायिक लढत जिंकली आणि नंतर त्या हौशी स्पर्धांमध्ये परतल्या. विकास कृष्ण यांनी २०१९ मध्ये अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकल्या, मग परत येऊन टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. तेव्हा सही केली म्हणजे सगळे संपले, असे नाही.

पंचवटीतला जुना खेळाडू

नाशिकरोडवाल्यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु ती आधीच देशासाठी पदके जिंकलेल्या खेळाडूंची आहेत. विकास कृष्ण तर परतले तेव्हा हरियाणा पोलिसांत अधिकारी होते. ज्याच्यापाशी अजून राष्ट्रीय पदकही नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय शिबिराचे दार तितक्या सहज उघडत नाही.

शिवाय आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. व्यावसायिक लढतीतल्या विजयाचा तिथे उपयोग होत नाही. रेल्वे आणि सेनादलेही हौशी पदकांवरच मुले घेतात. वीस वर्षांच्या मुलाने आणखी दोन हंगाम राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळाव्यात, राज्य पदकाची पडताळणी आत्ताच करून ठेवावी, आणि नोकरी लागल्यावरही हौस उरली तर परवानगी काढून व्यावसायिक व्हावे. तेव्हा त्याचे वय बावीस-तेवीस असेल. विजेंदर यांनी सुरुवात केली त्या वयापेक्षा ते कितीतरी कमी आहे.

सातपूरकर मामा

सर्वांचे आभार. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून हे सगळे वाचून दाखवले. कोपऱ्यांविषयीचा मजकूर ऐकल्यावर त्याने स्वतःच मसुदा पुन्हा उघडला. त्यात सापडले ते असे: लढतींची किमान संख्या नाही, वैद्यकीय खर्च ‘खेळाडूच्या जबाबदारीवर’ आहे, आणि तीन वर्षे संपल्यावर करार आणखी दोन वर्षे वाढवण्याचा अधिकार एकट्या प्रमोटरला आहे. वजनाचे विचारले तर म्हणतो, त्यांनी एक गट खाली यायला सांगितले आहे. मुलगा ‘नाही’ म्हणायला अजून तयार नाही. या कलमांत बदल मागावा की सरळ नकार कळवावा?

पंचवटीतला जुना खेळाडू

बदल लेखी मागा, उत्तरावरूनच कळेल. वर्षाला किमान चार लढती, तेवढ्या न दिल्यास करार आपोआप रद्द, तपासण्या आणि लढतीतल्या दुखापतीचा खर्च प्रमोटरकडे, मुदतवाढ दोघांच्या संमतीने, आणि वजनी गट सध्याचाच. कराराची भाषा इंग्रजी असेल तर ओळखीच्या वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. उत्तर येईपर्यंत भाच्याने सराव थांबवू नये, आणि राज्य निवड चाचणीचा अर्ज भरून टाकावा. संध्याकाळी त्याला पंचवटीत घेऊन या. तो हाताला पट्टी कशी बांधतो ते मला पाहायचे आहे. व्यावसायिक लढतीत गॉज आणि चिकटपट्टी वापरतात, अधिकारी त्यावर सही करतो आणि प्रतिस्पर्ध्याचा माणूस शेजारी उभा राहून पाहतो. अंगठ्याच्या बुडाशी पट्टी सैल राहिली, तर पहिल्या चार फेऱ्यांतच हात जातो.