वापरात नसलेल्या डोमेनवर लिंक विकून पैसे मिळवणे योग्य आहे का?

विश्रामबागकर (धागालेखक)

सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांसाठी, दवाखान्यांसाठी आणि मंगल कार्यालयांसाठी वेबसाइट तयार करून देणे हा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात प्रत्येकाकडे काही डोमेन साचत जातात. कुणाचे दुकान बंद पडते, कुणी रिन्यूअलचे पैसे देईनासे होते, तर काही नावे आपणच कधीतरी उत्साहाने घेऊन ठेवलेली असतात. माझ्याकडे आज अशी तीन नावे आहेत. पहिले हळद ऑनलाइन विकू पाहणाऱ्या एका ग्राहकाचे होते. त्याने तो व्यवसाय गुंडाळला आणि नाव रीतसर माझ्याकडे सोपवले. दुसरे म्हणजे जिल्ह्यातील मंगल कार्यालयांची मी केलेली यादी. तिसरी साइट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मित्रांच्या मदतीने घाईघाईने उभी केलेली आहे. तिच्यावर निवारा केंद्रे, बोटींसाठीचे संपर्क, औषधांची मागणी आणि आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दिली जात होती. प्रत्येक नावाचे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास जातात, होस्टिंगचा खर्च वेगळा, आणि परत काहीही येत नाही.

अलीकडे लिंकची दलाली करणाऱ्यांचे मेल सातत्याने येत आहेत. जुन्या एखाद्या लेखात आम्ही देऊ ते वाक्य घाला, त्यातील दोन शब्दांना आमच्या ग्राहकाची लिंक द्या, लिंक डू-फॉलो (म्हणजे शोधयंत्राने पानांची क्रमवारी लावताना मोजावी अशी) असावी, कायम राहावी आणि ती प्रायोजित असल्याचा उल्लेख कुठेही नसावा, अशी त्यांची मागणी असते. सर्वांत जास्त भाव ते पुराच्या साइटला देतात, कारण त्या दिवसांत वृत्तपत्रांनी, सेवाभावी संस्थांनी आणि महाविद्यालयांनी तिच्याकडे लिंक दिल्या होत्या आणि त्यातील बहुतेक अजून शाबूत आहेत.

माझे मत असे आहे की, हा व्यवहार करण्यात काही गैर नाही. तासगाव रस्त्याला ज्याचे घर आहे तो आपली भिंत सिमेंटच्या किंवा बियाण्यांच्या जाहिरातीला देतो आणि त्याचे पैसे घेतो. त्याला कुणी नावे ठेवत नाही. डोमेन माझे आहे, खर्च मी करतो आणि भारतात लिंक विकण्यास मनाई करणारा कायदा नाही. जुगार, औषधे आणि कर्ज देणारी ॲप यांच्या लिंक मी घेणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. या विषयातील जाणकारांनी आपले मत मांडावे.

गावभाग

पुराची साइट वापरात नाही, हे तुमचे गृहीतकच मला मान्य नाही. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा मारुती चौकातल्या आणि सूर्यवंशी प्लॉटमधल्या लोकांचे पुण्या-मुंबईतले नातेवाईक हाताला लागेल ते शोधत होते, आणि त्यांच्यासमोर २०१९ च्या बातम्याही येत होत्या. त्या बातम्यांत दिलेली लिंक दाबली की माणूस तुमच्याच साइटवर पोहोचतो. पावसाळ्याचे चार महिने ते पान कुणाच्या ना कुणाच्या भीतीच्या क्षणी उघडले जाणार आहे, आणि तिथे निवारा केंद्रांच्या यादीखाली एखाद्या फर्निचरच्या दुकानाचे किंवा परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराचे वाक्य घुसडलेले असेल, तर त्या माणसाने उरलेल्या यादीवर तरी विश्वास का ठेवावा?

दुसरे असे की, दलाल तुम्हाला जो भाव देतो आहे तो तुमच्या जागेचा नाही. तुमच्या मंगल कार्यालयांच्या यादीत पाने अधिक आहेत, तरी तिला भाव कमी आहे. पुराच्या साइटला मिळणारी किंमत तिच्याकडे लिंक देणाऱ्यांनी तयार केलेली आहे. महाविद्यालयाने आपल्या पानावर ती लिंक ठेवली, कारण विद्यार्थी पाण्यात अडकले होते. त्यांनी तो विश्वास बोटींच्या माहितीसाठी दिला, तुम्हाला विकण्यासाठी दिला नाही. भिंतीचे उदाहरण म्हणूनच येथे लागू पडत नाही. तासगाव रस्त्यावरची भिंत रस्त्याने जाणारा प्रत्येक जण जाहिरात म्हणूनच वाचतो.

मिरजकर

मला गावभाग यांची भावना समजते, पण या चर्चेत एक गोष्ट नेहमी विसरली जाते. लिंक विकणे वाईट हा नियम केला कुणी? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँकची मांडणी केली आणि एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे जणू एक मत, असे धरून पानांची क्रमवारी लावली. त्याआधी लिंक ही नुसती वाट होती. तिला बाजारमूल्य आले ते गूगल या एका कंपनीने तिची मोजदाद सुरू केल्यामुळे. आता तीच कंपनी शोधाच्या पानावर सर्वांत वरच्या जागा जाहिरातदारांना विकते आणि सांगलीतल्या एका वेब डिझायनरने दोन शब्दांची लिंक विकली की त्याला स्पॅम म्हणते. नियम करणारी तीच, तपासणारी तीच आणि शिक्षा देणारीही तीच. एखाद्या खासगी कंपनीची व्यावसायिक सोय ही आपली नैतिकता कशी काय होते, याचे उत्तर मला कुणी द्यावे.

माझ्या माहितीत मिरजेतील तंतुवाद्य कारागिरांसारखे व्यावसायिक आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही इंटरनेटवर सतार शोधली की मोठ्या विक्री-संकेतस्थळांची पाने आधी येतात. अशा कारागिराने स्वतःच्या साइटसाठी चार लिंक विकत घेतल्या, तर तो फसवणूक करतो की मोठ्यांनी आधीच अडवलेल्या वाटेतून मार्ग काढतो? विश्रामबागकर यांनी अशाच स्थानिक लोकांना लिंक द्याव्यात आणि योग्य ते पैसे घ्यावेत, असे माझे मत आहे.

कुपवाडकर

मी एसईओचेच, म्हणजे साइट शोधात वर आणण्याचेच, काम करतो, म्हणून तपशील मांडतो. गूगलने लिंक विकण्यास सरसकट बंदी घातलेली नाही. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून नो-फॉलो हा टॅग, म्हणजे ही लिंक क्रमवारीसाठी मोजू नका असे शोधयंत्राला सांणारी पानाच्या कोडमधली खूण, आणला आणि सप्टेंबर २०१९ पासून पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड हा वेगळा टॅग उपलब्ध आहे. यापैकी एक टॅग लावा, पैसे घ्या आणि लिंक द्या. त्यावर कुणाचीही हरकत नाही. आता दलालाला असे कळवून पाहा की, लिंक देतो, पण स्पॉन्सर्ड टॅग लावून आणि वर ‘जाहिरात’ असे लिहून. तो पुन्हा मेल करणार नाही. खरी जाहिरात वाचकांसाठी असते, आणि टॅग लावल्याने वाचकाला दिसणाऱ्या लिंकमध्ये तसूभरही फरक पडत नाही. तरीही जी वस्तू टॅग लावताच बिनमोल होते, ती कधीच जाहिरात नव्हती. वाचक नसलेल्या डोमेनवर जाहिरातीला पैसे कोण देईल, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

मिरजकर साहेबांच्या मुद्द्याचे वजन मी कमी लेखत नाही, परंतु २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात टॅग नसलेली लिंक सापडली तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाचे स्थान किमान ६० दिवसांसाठी खाली ढकलले होते, हेही सांगायला हवे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीत पेंग्विन नावाचे अपडेट आले आणि विकत घेतलेल्या लिंकवर उभ्या असलेल्या असंख्य साइट खाली गेल्या. डिसेंबर २०२२ पासून गूगलची स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या आणि केवळ बाहेर लिंक देण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या साइट ओळखण्यासाठी वापरली जाते. लिंकचा परिणाम शून्य केला जातो आणि बहुतेक वेळा कुणाला कळवलेही जात नाही. म्हणजे ज्या कारागिराच्या भल्यासाठी तुम्ही बोलत आहात, त्याचे पैसे जातात आणि हाती काही येत नाही.

मार्केट यार्ड

मी हळदीचा व्यापारी आहे आणि अशा लिंक विकत घेणारा होतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. एका एजन्सीने आम्हाला महिन्याच्या पॅकेजमध्ये ठरावीक बॅकलिंक (इतर साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक) देण्याचे कबूल केले होते. अहवालाच्या तक्त्यात हिरव्या खुणा भरपूर असत. एकदा मुलाने त्यातली एक लिंक उघडून दाखवली. मूळ लेख लहान मुलांच्या लसीकरणाविषयी होता. दोन डोसांमधील अंतर सांगणाऱ्या परिच्छेदाच्या मधोमध ‘उत्तम प्रतीची सांगली राजापुरी हळद’ असे शब्द निळ्या अक्षरांत घातले होते आणि पुढे पुन्हा डोसांची माहिती सुरू होती. आमच्या पेढीचे नाव त्या ठिकाणी पाहून फार वाईट वाटले. पैसे वाया गेले ते वेगळेच.

विश्रामबागकर यांच्या हळदीच्या डोमेनबद्दल एक विनंती आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जुन्या साइटवरून ‘सांगलीची हळद’ या शब्दांची लिंक उद्या परराज्यातील कुणी घेतली आणि भलतीच हळद विकली, तर तुम्ही ते तपासणार कसे? हे नाव एका माणसाच्या डोमेनपेक्षा मोठे आहे. त्यामागे पेवात माल ठेवणाऱ्या आणि सौद्यात उभ्या राहणाऱ्या कितीतरी लोकांची मेहनत आहे.

मिरजकर

कुपवाडकर यांचा टॅगचा मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य करतो. तरी व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. विश्रामबागकर यांनी उद्या पैसे भरणे थांबवले, तर काय होईल? डॉट कॉम नावाची मुदत संपली की सवलतीचा काळ, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे जुन्या मालकाला नाव परत मिळवता येण्याचा, काळ, मग ५ दिवस डिलीटच्या प्रतीक्षेत, आणि त्यानंतर जगातला कुणीही ते नाव घेऊ शकतो. जुन्या लिंक असलेल्या नावांवर टपून बसलेले लोक ते मिनिटभरात उचलतील आणि तिथे काय लावतील याची कल्पना सर्वांनाच आहे. सांगलीतल्या जबाबदार माणसाने चार सभ्य लिंक ठेवून ते नाव जिवंत ठेवणे हे त्यापेक्षा निश्चितच बरे. खर्च त्याने खिशातून करावा आणि तत्त्वे आपण सांगावीत, हा न्याय नाही.

कुपवाडकर

ही भीती खरी आहे. गूगलने मार्च २०२४ मध्ये मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराबाबत स्वतंत्र धोरण आणले, त्यात एका जुन्या प्राथमिक शाळेच्या साइटवर कॅसिनोचा मजकूर असे उदाहरणच दिलेले आहे. विश्रामबागकर यांची नावे त्यांचीच असल्यामुळे ते धोरण त्यांना लागू होत नाही. त्यांना लिंक स्पॅमचे जुने धोरण लागू होते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

पण सभ्य लिंकचे आश्वासन पाळता येत नाही, हे मी कामाच्या अनुभवातून सांगतो. दलाल आज एखाद्या पाककृतीच्या ब्लॉगची लिंक देतो. तुम्ही ती उघडून पाहता, सर्व ठीक असते. काही महिन्यांनी तो ब्लॉग दुसऱ्याच पत्त्यावर रीडायरेक्ट केला जातो आणि तुमच्या पानावरील तीच लिंक दाबणारा माणूस पैसे लावून खेळायच्या रमीवर पोहोचतो. तुमच्या साइटवर एक अक्षरही बदललेले नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशा पैशांच्या खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. त्या वेळी आपल्याला हे माहीत नव्हते, असे सांगत बसण्याची पाळी विश्रामबागकर यांच्यावर यावी असे मला वाटत नाही.

गावभाग

खर्चाचा मिरजकर साहेबांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे आमचे काम आहे. पुराच्या साइटचा वार्षिक खर्च पूरग्रस्त भागातील आम्ही काही जण मिळून उचलतो. नाव तुमच्याकडेच राहू द्या, फक्त पहिल्या पानावर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची आणि पाणीपातळीच्या अधिकृत माहितीची लिंक ठेवा आणि २०१९ ची यादी जुनी असल्याचे ठळक लिहा. जुना क्रमांक लावून उत्तर न मिळणे हेही त्या वेळी फार जड जाते.

विश्रामबागकर (धागालेखक)

सर्वांचे आभार. पुराच्या साइटबाबत गावभाग ताईंचे म्हणणे मी स्वीकारतो आणि दलालाला नकार कळवतो. हळदीचे नाव त्या व्यवसायातील कुणाला हवे असल्यास मूळ ग्राहकाला विचारून पूर्ण डोमेनच विकेन. डोमेन विकणे हा उघड व्यवहार आहे आणि त्यात नाव कुणाच्या हाती जात आहे हे मला दिसते. राहिली मंगल कार्यालयांची यादी. ती अद्ययावत करून केटरर, मंडपवाले आणि छायाचित्रकार यांच्या जाहिराती, त्या जाहिराती आहेत असे लिहून आणि टॅग लावून घेण्याचा माझा विचार आहे. त्यासाठी आधी त्या यादीला वाचक मिळवावे लागतील. काम वाढेल, पण माझा मूळ हेतू या नावांनी स्वतःचा खर्च भागवावा एवढाच होता.

मिरजकर

तुमचा निर्णय योग्य आहे आणि मंगल कार्यालयांच्या यादीसाठी मिरजेतील नावे मी स्वतः गोळा करून देईन. माझा आक्षेप मात्र कायम आहे. तुम्ही टॅग लावाल, दुसरा लावणार नाही, आणि पकडला जाईपर्यंत तो वर दिसेल. छोट्या माणसाने नियम पाळून मागे राहावे आणि वर दिसायचे असेल तर त्याच कंपनीकडे जाहिरातीचे पैसे भरावेत, या व्यवस्थेवर कुपवाडकर यांच्याकडे अजूनही उत्तर नाही.