पेले लिंडबर्गला लोक विसरले नाहीत
गोलकीपरला गेल्यावर कोण लक्षात ठेवतं असं एका दादांनी लिहिलंय, ते मला नाही पटत. आमच्या इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण घ्या, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या हॉकी फायनलमध्ये पाकिस्तानला एकही गोल करू दिला नाही, पण त्यांना निदान सत्तरीपार आयुष्य तरी मिळालं. बर्फावरच्या हॉकीतला हा स्वीडनचा गोलकीपर पोरगा, लिंडबर्ग, गेला तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता हो! १९८५ ला व्हेझिना ट्रॉफी, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या सर्वोत्तम गोलकीपरचा मान, मिळवणारा पहिला युरोपियन, आणि त्याच नोव्हेंबरात दारू पिऊन पोर्शे चालवताना भिंतीवर आदळला, संपलंच सगळं. फार जीव हळहळतो. तरी १९८६ च्या ऑल-स्टार मॅचसाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच) फॅन्सनी मतं देऊन त्यालाच निवडलं, आणि त्याच्या टीमचा, फिलाडेल्फिया फ्लायर्सचा, ३१ नंबर रीतसर रिटायर (म्हणजे कायमचा बंद) केलेला नसूनही त्याच्यानंतर कोणी घातलेला नाही.