सुझन ला फ्लेश पिकॉट: त्याग म्हणायचं की पिळवणूक?

चांदणवेल:
आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथेच त्याच वर्षी नेब्रास्कातली ओमाहा जमातीची एक मुलगी दाखल झाली. सुझन ला फ्लेश. १८८९ मध्ये वर्गात पहिली आली. अमेरिकेतल्या आदिवासींमधली पहिली डॉक्टर म्हणून तिचं नाव घेतात.

पुढे ती ओमाहांच्या राखीव प्रदेशात घरी परतली. सुमारे १,३५० चौरस मैल, बाराशेच्या वर माणसं आणि डॉक्टर एकटी. सरकारी पगार वर्षाला ५०० डॉलर. चार वर्षांत तब्येत ढासळली आणि १८९३ मध्ये नोकरी सुटली. सगळे ह्याला त्याग म्हणतात. मला ही चक्क पिळवणूक वाटते. आपण टाळ्या वाजवत बसतो आणि सरकार नामानिराळं राहतं.

खडूस काका:
पिळवणूक म्हटलं की तिची स्वतःची निवड पुसली जाते. लहानपणी ती एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसली होती. सरकारी गोऱ्या डॉक्टरला चारदा निरोप गेला. दर वेळी 'येतो' म्हणाला, आला नाही. उजाडेपर्यंत म्हातारी गेली. हे डोळ्यांनी पाहिलेली पोर पगार विचारून परत येणार होती का? पुढे डॉक्टर झाल्यावर ती रात्री खिडकीत दिवा ठेवायची, अंधारात कुणी आलं तर घर सापडावं म्हणून.

पीएचसीवाली:
काका, तो दिवाच मला खटकतो. डॉक्टर झाल्यावर सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष मी एका आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलंय. रात्री दोनला दार वाजायचं, वीज गेलेली, मोबाईलच्या टॉर्चवर बाळंतपण केलंय. पगार चार महिने थकला होता. शाल आणि नारळ मात्र वेळेवर! नारळाची चटणी किती दिवस खाणार? निवड तिचीच होती, मान्य. म्हणून ५०० डॉलर रास्त ठरत नाहीत.

निमगावकर:
तुम्ही सगळे पगारातच अडकलात. शिक्षणाचा खर्च कनेक्टिकटमधल्या गोऱ्या बायकांच्या संस्थेने उचलला आणि अट घातली, पदवीनंतर काही वर्षं लग्न करायचं नाही. वडील जोसेफ ला फ्लेश जमातीचे प्रमुख. त्यांनी गोऱ्यांसारखी लाकडी घरं बांधली, तर बाकीचे ओमाहा त्या वस्तीला 'नकली गोऱ्यांचं गाव' म्हणून हिणवायचे. सुझनही औषधाच्या पेटीबरोबर ख्रिस्ती धर्म आणि गोऱ्यांच्या चालीरीती घेऊनच घरोघर गेली. डोक्यावर घेताना हेही सांगा की!

खडूस काका:
सांगतो. पण माश्या येऊ नयेत म्हणून दाराला जाळी लावा, सगळ्यांनी एकाच पेल्याने पाणी पिऊ नका, हे क्षयाच्या दिवसांत सांगणं म्हणजे गोरेपणा का? नवरा १९०५ मध्ये गेला, दारू आणि क्षय दोन्ही होतं. त्यानंतर ती दारूबंदीसाठी वॉशिंग्टनला धडकली. १९१० मध्ये पुन्हा गेली, ती जमिनीसाठी. ओमाहांच्या जमिनी सरकारने आणखी काही वर्षं आपल्या ताब्यात ठेवायचं ठरवलं होतं. आमचं आम्हाला कळतं, असं तिने तोंडावर सांगितलं. ही तुमची नकली गोरी?

निमगावकर:
जमिनीचं मान्य. तेवढं मागे घेतो. चालीरीतींचं नाही.

चांदणवेल:
माझा मुद्दा बाजूलाच राहिला. १९१३ मध्ये ओमाहांच्याच प्रदेशातल्या वॉल्टहिल गावी तिने दवाखाना उभा केला तो देणग्या मागून. दोन वर्षांत स्वतः गेली, वय ५०. सरकार कुठे होतं?

निमगावकर:
त्या देणग्यांतही मोठा वाटा चर्चचा होता, बरं का.

पीएचसीवाली:
असू दे. खाटा तर मिळाल्या. आणि तिथे गोरे पेशंटही यायचे.

खडूस काका:
चांदणवेल, आता तरी शीर्षक बदला.

चांदणवेल:
नाही. पिळवणूक राहणार. फार तर मजकुरातला 'चक्क' काढते.