चार तिकिटं, पाच माणसं: लेकीचं ग्रॅज्युएशन

कोकणकन्या_एडिसन
नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी लेकीचं हायस्कूल ग्रॅज्युएशन. शाळेच्या फुटबॉल मैदानावर, घरटी चार तिकिटं. आम्ही पाच: मी, नवरा, धाकटा आणि खास यासाठी चिपळूणहून आलेले आई-बाबा. पाऊस आला तर कार्यक्रम जिममध्ये आणि मग दोनच तिकिटं चालणार, वेगळ्या रंगाची. नवरा म्हणतो, "मी गाडीत बसून लाइव्ह बघतो." बाबा म्हणतात, "मी घरी थांबतो, मला काय कळणार इंग्रजी." दोघंही खोटं बोलतायत. बाबांनी या दिवसासाठी नवा सफारी शिवून आणलाय.

आईला औक्षण करायचंय. लेकीची अट: "शाळेत नाही, घरी कर. टोपी-गाऊन घालून फोटोही देईन." रविवारी मागच्या अंगणात चाळीसेक माणसं जेवायला आहेत, तिथे काय ठेवू?

आणि एक. लेक रटगर्स विद्यापीठात जाणार. न्यू ब्रन्सविकचा कॅम्पस आमच्यापासून वीस मिनिटं, तरी डॉर्ममध्ये, म्हणजे होस्टेलवर राहणार. आई रोज सकाळी चहाबरोबर विचारते, "घर असताना खोली कशाला?" तुम्ही काय सांगितलंत?

ओकट्रीचा_वाटसरू
पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच टाका. कुणाचे ना कुणाचे आजी-आजोबा येत नाहीतच. आम्हाला दोन तिकिटं जादा मिळाली, बदल्यात डबाभर चकल्या गेल्या. बाबांचे गुडघे दुखत असतील तर शाळेच्या ऑफिसला आधी कळवा, खुर्चीची सोय होते. त्या पत्र्याच्या बाकांना पाठ नसते आणि जूनच्या उन्हात तापतात अशा की सफारीची इस्त्री बसल्या जागी होईल.

नावाचा उच्चार लिहून दिलात का? आमच्या लेकाच्या नावात 'ज्ञ' आहे. वाचणाऱ्या बाईंनी खोल श्वास घेतला आणि थेट आडनावावर उडी मारली.

सॉमरसेटची_मावशी
अगं, गाऊन पॉलिएस्टरचा असतो! बाह्या ही एवढ्या ढगळ. निरांजनावर बाही आली तर काय होईल सांगायला नको. आधी साध्या कपड्यात ओवाळून घ्या, मग गाऊन चढवा. टोपी तर नकोच. आमच्याकडे त्या चौकोनी फळीचं टोक सासूबाईंच्या ताम्हणाला लागलं, सुपारी सोफ्याखाली गेली ती दिवाळीत सापडली. अक्षता फळीवर तशाच राहिल्या, प्रत्येक फोटोत दिसतात.

टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे नेतात तेव्हा फोटो काढा. टोप्या उडवताना कुणाचं तोंड दिसत नाही. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, स्टेजवर हातात देतात ते कव्हर बहुतेक ठिकाणी रिकामं असतं, खरा कागद नंतर मिळतो. आमचे सासरे घाबरले होते, नातू नापास झाला की काय!

जेवणाला वडे तळत बसू नकोस, ट्रे मागव. आमरस मात्र घरचा, पल्पचा डबा असला तरी.

रात्रपाळीवाला
पार्टी करा, पण त्याआधी एक कागद. मुलगी १८ची झाली की डॉक्टर तिच्या परवानगीशिवाय तुमच्याशी मोकळेपणी बोलणार नाहीत. हिपाचा (वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्याचा) परवानगी फॉर्म आणि वैद्यकीय मुखत्यारपत्र ऑगस्टच्या आत करून घ्या. आमच्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला इमर्जन्सीत नेलं, तेव्हा फोनवर मला फक्त "सर, आम्ही सांगू शकत नाही" एवढंच ऐकू येत होतं. कॉलेजचंही तेच: फी तुम्ही भरायची आणि मार्क तिला विचारायचे. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणारा फर्पा कायदा.

लेक एच-फोरवर, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर २१व्या वाढदिवसाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी एच-फोर संपतो, तोही ऐन कॉलेजात. एफ-वनसाठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी, वकिलाशी बरंच आधी बोला. ग्रीनकार्डच्या रांगेच्या भरवशावर राहू नका, आम्ही राहिलो होतो.

डॉर्मबद्दल: मी चौदाव्या वर्षी घर सोडून होस्टेलला गेलो, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं कशाला. आजीच्या प्रश्नाला उत्तर नसतं. चहा घ्यावा.

कोकणकन्या_एडिसन
सगळ्यांचे आभार. ग्रुपवर पाचवं तिकीट मिळालं, चकल्याही गेल्या. आणि शुक्रवारी दुपारी धो धो पाऊस. दोन तिकिटं आई-बाबांना दिली. आम्ही तिघं पार्किंगमध्ये गाडीत, काचांवर वाफ, फोन डॅशबोर्डवर टेकवलेला. जिममधून मोठ्ठा जल्लोष ऐकू आला, नवऱ्याने "तीच!" म्हणून टाळ्या वाजवल्या. फोन अर्धा मिनिट मागे होता. त्या टाळ्या कुठल्याशा ब्रायनला गेल्या.

औक्षण साध्या कपड्यात, मावशी. हिपाचा फॉर्म छापून फ्रिजवर लावलाय. आई अजून विचारते, मी चहा घेते.

इंग्रजी न कळणारे बाबा बाहेर आले ते शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकन आजोबांना घेऊन. अर्धा तास गप्पा मारल्या म्हणे. आत नातीच्या हातात कव्हर पडताच त्यांनी त्या गृहस्थांना दिलासा दिला होता, "एम्प्टी, एम्प्टी. डोन्ट वरी."