मदत हवी आहे: जळगावात डॉलर कुठे मिळतील?

आई-आप्पा पुढच्या महिन्यात ग्रुप टूरने व्हिएतनामला चाललेत. ई-व्हिसा, विमा झालं, अडलंय पैशांवर. तिथलं चलन डोंग इकडे सहसा मिळत नाही, म्हणून हजारेक डॉलर रोख न्यायचेत. पासपोर्ट, पॅन, तिकीट तयार आहे, पैसे खात्यातूनच देऊ. बँकेच्या शाखेत म्हणतात मुंबईहून मागवू, पण कधी येतील ते कोणी सांगेना. विमानतळावरचा भाव परवडत नाही. फॉरेक्स कार्डही (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) नको, आप्पांना ओटीपीची कटकट जमत नाही (मोबाइल तर आईच्याच पर्समध्ये असतो!). नोटा शंभराच्या, कोऱ्या हव्यात. शाई लागलेली, फाटकी नोट तिथे घेत नाहीत आणि सुट्या डॉलरला भाव कमी देतात.

जळगाव-भुसावळात खात्रीचा अधिकृत मनी चेंजर आहे का, की नाशिकच गाठावं? आणि कमिशन भावातच धरतात की वरून लावतात?